बदकांचा चौथा आठवडा

टक्.

भरदुपारी घर निपचित पडलेलं असताना चाऱ्याच्या खोलीतून तेवढाच आवाज आला. धाकटीने भांडी घासता घासता मान वर केली. पेटीतले दिवे लागले. आता थोड्या वेळाने परत टक् होईल आणि दिवे विझतील. दिवसभर हे चालायचं. घरात बोलायला माणूस नसलं की कान असल्या आवाजांना सरावतात. टक् व्हायला जरा उशीर झाला तरी तिचा हात थांबायचा.

घरात आणि गावातही तिला धाकटीच म्हणत. थोरली जाऊ वेगळी होऊन शहरात गेली त्यालाही बरीच वर्षं झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आता या घरात थोरली कोणी नव्हती. धाकटी होती, सासूबाई होत्या आणि पाच वर्षांची भिंगरी होती.

पेटी नवऱ्याने बनवलेली. मोडक्या फ्रिजचा सांगाडा, आत तारेच्या जाळ्या, पाण्याचं पसरट भांडं, दोन दिवे, एक पंखा. आणि वर, झाकणापाशी, स्क्रूने आवळलेला तळहाताएवढा निळा बोर्ड. आत किती ऊब आहे ते बोर्डाला कळायचं. दिवे कधी लावायचे, कधी विझवायचे ते तो ठरवायचा. दिवसही मोजायचा आणि लाइट गेली तरी मोजलेले दिवस विसरायचा नाही. एवढं सगळं नवऱ्याने त्याला शिकवून ठेवलं होतं. पण शिकवलं होतं ते कोंबडीच्या अंड्यांचं. तीन आठवडे भरले की पिल्लं बाहेर आली असं समजून बोर्ड दिवे कायमचे बंद करून टाकायचा.

आणि या खेपेला पेटीत बदकाची अंडी होती. त्यांना चार आठवडे लागतात.

तळ्याकाठच्या बदकवालीने ती विश्वासाने आणून दिली होती, टोपलीत भुसा घालून. तिची बदकं अंडी घालत पण उबवायला बसत नसत. "बसतात दोन दिवस आणि उठून पोहायला जातात मेल्या," ती म्हणाली होती. एवढी अंडी एकदम पेटीत पहिल्यांदाच लागली होती. धाकटीने ती एकेक करून पुसली, जाळीवर मांडली, आणि मांडताना तिच्या मनात एकच होतं.

नवरा समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर कामाला होता. जाताना दाराशी चपला घालता घालता म्हणाला होता, "एवढा एकच करार. पेटीवर घर चालतंय असं दिसलं, की दुसऱ्यावर सही करायची नाही." तो करार आता संपत आला होता.

म्हणून ही पिल्लं निघायलाच हवी होती.

बदकांचं नवीन गणित त्याने तिकडून लॅपटॉपवर पाठवलं होतं. करायचं काय, तर बोर्डाला वायर लावायची, वायरीचं दुसरं टोक लॅपटॉपला, आणि एक बटण दाबायचं. फोनवर त्याने ते इतक्या सहज सांगितलं होतं, जसं काही दूध तापवायला ठेव म्हणतोय.

भांडी पालथी घालून, हात पदराला पुसून धाकटी चाऱ्याच्या खोलीत गेली. लॅपटॉप पोत्यावर ठेवला. वायर लावली. बोर्डावरचा बारीक हिरवा दिवा लागला. तिने बटण दाबलं. लॅपटॉपने इंग्रजीत काहीतरी तांबडं लिहिलं. बोर्ड सापडत नाही, असा त्याचा अर्थ आहे हे तिला आता पाठ झालं होतं, कारण काल संध्याकाळपासून तो तेच सांगत होता.

तिने वायर काढून दुसऱ्या भोकात घातली. लॅपटॉप बंद करून चालू केला. लॅपटॉपला बोर्डाची ओळख पटावी म्हणून नवऱ्याने कधीतरी पाठवून ठेवलेला ड्रायव्हर पुन्हा बसवला. जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली. यादी कोरी.

"आई, तो रुसलाय का?" भिंगरी झोपेतून उठून दारात उभी होती, गालावर चटईचे वळ.

"रुसलाय. तू जा, आजीला चहाचं विचार."

शनिवारी नवऱ्याचा फोन आला. आठवड्यातून एकदा त्यांच्या पाळीला फोन मिळायचा. मागे वारा नुसता घोंघावत होता.

"यादीत काय दिसतंय?"

"काहीच नाही."

"बोर्डाचा दिवा?"

"लागतोय."

"मग वायर बघ. दुसऱ्या कुणाच्या तरी... प्रिंटरची असते ना, तसली चौकोनी तोंडाची... हॅलो?"

"हो, ऐकतेय."

"हॅलो? ...जेवतेस ना वेळेवर?"

"जेवते. अहो, पण वायर चांगली असली तर मग काय करू?"

तिकडून नुसता वारा ऐकू आला आणि मग तोही बंद झाला. सासूबाई फोनसाठी पुढे केलेला हात तसाच मागे घेऊन म्हणाल्या, "माझ्याशी बोलायचं राहिलंच त्याचं."

सोमवारी धाकटीने बोर्ड सोडवला. आधी मोबाइलवर फोटो काढला, मग प्रत्येक वायरीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला, जोडताना चूक नको. दिव्यांची वायर सरळ भिंतीवरच्या बटणाला जोडली. काचेचा तापमापक जाळीवर ठेवला.

"आई, पारा या रेघेच्या वर गेला की बटण बंद. खाली आला की चालू. मी बाजारातून येईपर्यंत."

"मला त्या रेघा दिसतात होय!" सासूबाई म्हणाल्या. "बोर्डाच्या जागी आता मी. बरं झालं, म्हातारपणी नोकरी लागली."

पण स्टूल ओढून बसल्या.

कॉम्प्युटरच्या दुकानात पंखा गरगरत होता तरी उकडत होतं. दुकानदार एका मोबाइलचं पोट उघडून बसला होता. बाकड्यावर एक गिऱ्हाईक पाय हलवत बसलं होतं. धाकटीने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला बोर्ड काढला.

"हे काय, रेडिओ का?"

"अंडी उबवायच्या पेटीचा बोर्ड आहे. कॉम्प्युटरला दिसत नाही."

"अंडी?" दुकानदाराने बाकड्याकडे बघितलं. "ऐकलंत का? कोंबड्या आता कॉम्प्युटर शिकायला लागल्या."

बाकडं हसलं. धाकटीही जराशी हसली. न हसून चालणार नव्हतं, काम तिचं होतं.

"मालकांना पाठवा ना वहिनी. तुम्हाला मी सांगणार एक, तुम्ही घरी जाऊन सांगणार भलतंच."

"ते बाहेर असतात. मला सांगा, मी समजून घेईन."

दुकानदाराने सुस्कारा सोडून वायर लावली. हिरवा दिवा लागला. पडद्यावरची यादी कोरी राहिली. त्याने वायर हलवली, बोर्ड टेबलावर दोनदा आपटला. धाकटीचे खांदे दोन्ही वेळा आखडले.

"हीच वायर तुमच्या प्रिंटरला लावून बघाल का?" तिने विचारलं.

"का?"

"म्हणजे वायर कशी आहे ते कळेल."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग लावली. प्रिंटरने कुरकुर करत एक कागद बाहेर टाकला.

"घ्या. वायर चांगली, आमचा कॉम्प्युटर चांगला. मग राहिलं काय? हाच मेलाय. फेकून द्या."

"पण काल रात्रीपर्यंत पेटी चालवत होता हो."

"माणूसपण आदल्या दिवसापर्यंत चालत-फिरतच असतो वहिनी." बाकडं पुन्हा हसलं. "आणि अंड्यांचं आम्लेट करा."

तिने बोर्ड फडक्यात गुंडाळला. फडक्याची गाठ नीट बसेना म्हणून परत सोडून बांधली. मागे हसणं चालू होतं तोवर तिला पाठ वळवायची नव्हती.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. ऊन मांडीवर पडत होतं. पिशवी ऊन लागून तापली, तेव्हा तिला अंड्यांची आठवण झाली आणि तिने पिशवी सावलीला सरकवली. शेजारची बाई पेंगत पेंगत तिच्या खांद्यावर कलंडली. धाकटीने तिला हलवलं नाही. किती दिवसांनी कुणाचं तरी वजन अंगावर आलं होतं.

घरी आली तर सासूबाई स्टुलावर डोळे मिटून बसलेल्या. ती धावलीच. मग दिसलं, त्यांनी मिटलेल्या पापणीवर एक अंडं टेकवून धरलं होतं.

"तापलंय जरा," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "बंद कर."

धाकटीने पारा बघितला. रेघेच्या किंचित वर होता. तिने बटण बंद केलं.

"काय म्हणाला?"

"मेलाय म्हणाला."

सासूबाईंनी अंडं जाळीवर ठेवलं, मोठ्या टोकाकडून उचलून, हळूच. मग म्हणाल्या, "पाठ धरलीय माझी. जरा हात दे उठायला."

त्या रात्री दोघींनी पाळ्या केल्या. सकाळी धाकटीच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं होतं. भिंगरीची वेणी घालताना तिला मध्येच डुलकी लागली आणि पोर ओरडली, "आई, केस!" असं आठवडाभर होणार नाही, हे तिलाही कळत होतं. सासूबाईंचे पाय सुजले होते. तिने बोर्ड आणून दोऱ्यांच्या रंगांवरून वायरी जोडल्या. बोर्ड लागला. आकडे उमटले. टक् झालं. मेलेला बोर्ड मुकाट कामाला लागला. पण परवा त्याचे तीन आठवडे भरत होते. परवा तो दिवे बंद करणार होता.

चहा उकळतोय तोवर दारात बदकवाली उभी. हातात रिकामी टोपली.

"धाकटे, माझी अंडी काढून दे."

"का हो मावशी?"

"का काय? काल दुकानात माझे दीर होते ना बाकड्यावर. तुमचं यंत्र मेलंय म्हणे. आणि तू गप्प!"

"मेलं नाही. चालू आहे. बघा ना येऊन."

"चालू आहे तर दुकानात कशाला नेलंस? हवा खायला?"

चहा उतू गेला, तो धाकटीने बघितला नाही. "मावशी, आता बाहेर काढली तर आतल्या आत जातील. भरत आलीत." ती म्हणाली. "या, दाखवते."

चाऱ्याच्या खोलीचं दार लावून तिने अंधार केला. मोबाइलची बत्ती मुठीत धरली, मुठीवर एक अंडं टेकवलं. अंडं आतून तांबूस उजळलं. वरची पोकळी सोडली तर आत सगळा काळोख भरला होता, आणि त्या काळोखाच्या कडेला काहीतरी थरथरलं. मग पायासारखी एक सावली पोकळीच्या कडेशी आली आणि मागे गेली.

"हलला!" भिंगरी किंचाळली.

बदकवाली वाकून बघत राहिली. तिचा श्वास धाकटीच्या मनगटाला लागत होता. "दुसरं दाखव," ती म्हणाली. दुसऱ्यातही हललं. तिसरं मात्र नुसतंच पिवळं उजळलं. ते तिने स्वतःच बाजूला काढलं.

दार उघडल्यावर ती टोपली उचलून म्हणाली, "ठेव. पण मेली, तर सांगायला तूच यायचंस. सासूला पाठवायचं नाही."

"मीच येईन."

ती गेली. धाकटी तिथेच उंबऱ्यावर बसली. बोर्ड समोर होता, आकडे दाखवत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. ऊब कळते याला. दिवस कळतात. दिवे लावतो, विझवतो. मेला असता तर यातलं काही जमलं असतं का? आत सगळं जागेवर आहे. फक्त बाहेरच्याशी बोलत नाही. म्हणजे आत बिघाड नसणार. वायरही चांगली. मग वायर जिथे टेकते तिथेच काहीतरी असलं पाहिजे.

"आई, जरा बटणापाशी बसता का? शेवटचं."

"शेवटचं शेवटचं करत माझं शेवटचं आणशील," म्हणत सासूबाई स्टुलावर बसल्या.

तिने बोर्ड पुन्हा सोडवला आणि उन्हात धरला. वायर घालायचं चौकोनी तोंड डोळ्याशी नेलं. आत चार पितळी पट्ट्या असतात, दोन वर, दोन खाली. वरच्या दोन्ही चकाकत होत्या. खालची एक चकाकत होती. दुसरी चकाकत नव्हती. तिच्यावर पातळ, वाळलेला काहीतरी थर होता. रंग डाळिंबी.

धाकटीने स्वतःच्या नखांकडे बघितलं. नखांवर आता काही नव्हतं, राखेची रेघ तेवढी होती. पण तो रंग तिने ओळखला. बहिणीच्या लग्नाला घेतलेली बाटली. धुण्याभांड्यात तो रंग आठवडाभरही टिकला नव्हता आणि बाटली कपाटात पडून होती. पहिला बोर्ड पेटीच्या वाफेने हिरवा पडून गेला, तेव्हा नवऱ्याने ती बाटली शोधून काढली. नवीन बोर्डाला गणित शिकवून झाल्यावर, जायच्या आदल्या दुपारी, इथेच उंबऱ्यावर बसून, तोंडातून जीभ जराशी बाहेर काढून तो बोर्ड रंगवत होता. वाफ लागू नये म्हणून. एकेक सांधा, एकेक टाका. "तुझ्या नखांवर टिकत नाही, इथे बघ कसा टिकतो," म्हणाला होता. ती म्हणाली होती, "असू दे, बोर्डाने तरी नटावं." आणि तो मान खाली घालून हसला होता. कुठेही जागा सुटू नये म्हणून त्याने जास्तच जपून रंगवलं होतं. त्या जपण्यातच एक थेंब ओघळून वायरीच्या तोंडात गेला असणार. त्यानंतर बोर्डाला वायर लावायची वेळच आली नव्हती.

तिने शिवणाच्या डब्यातून बारीकात बारीक सुई काढली. उन्हाकडे पाठ करून, मग परत तोंड करून, उजेड कुठून नीट येतो ते बघितलं. सुईच्या टोकाने पट्टीवरचा थर हलकेच खरवडला. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग केसाएवढी साल निघाली. हाताला घाम येत होता, तो ती पदराला पुसत होती. आतून "चालू करू का गं?" "करा" "झालं, आता बंद?" असं चाललं होतं. भिंगरी मांडीला टेकून बसली होती आणि श्वास रोखून बघत होती. पट्टी चकाकायला लागली तेव्हा धाकटीने बोर्डाच्या त्या तोंडात फुंकर मारली. डाळिंबी भुकटी उडाली, एक कण तिच्या ओठाला चिकटला.

लॅपटॉप आणला. वायर लावली.

लॅपटॉप टुडूंग असं वाजला.

"काय वाजलं?" सासूबाई आतून ओरडल्या. "त्याचा फोन का?"

"नाही. बोर्ड दिसला."

"हं," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, फोन."

यादीत आता एक ओळ होती. धाकटीने बटण दाबलं. हिरव्या दिव्याशेजारचे दोन बारीक दिवे फडफडले, थांबले. तांबडं काही आलं नाही. बोर्ड पेटीवर चढवून स्क्रू आवळले, तेव्हा आकड्यांच्या जागी ‘चार आठवडे’ उमटलं होतं आणि झालेले दिवस त्याने बरोबर धरून ठेवले होते.

तिला कुणाला तरी सांगायचं होतं. तिने मोबाइल उघडून नवऱ्याला लिहिलं, "दिसला." वर तिचेच आधीचे निरोप एकाखाली एक होते. "वायर चांगली आहे." "दुकानदार मेला म्हणतो." "आईंचे पाय सुजलेत." एकही तिकडे पोचला नव्हता. चौथा त्यांच्याखाली जाऊन बसला.

तीन आठवडे भरले तरी दिवे बंद झाले नाहीत. चौथा आठवडा सरता सरता एका पहाटे पेटीतून टिचटिच ऐकू आलं, आणि दुपारपर्यंत जाळीवर ओली, पिवळी, धडपडणारी पिल्लं एकमेकांच्या अंगावरून चालत होती. काही अंडी तशीच राहिली. ती धाकटीने वेगळ्या फडक्यात ठेवली, लपवली नाहीत. सांगायलाही तीच गेली. बदकवाली आली, एकेक पिल्लू उचलून पोटाकडून बघितलं, टोपली भरली आणि पदर तोंडाशी नेऊन म्हणाली, "दिरांना सांगते आता, आम्लेट खायला जा म्हणावं दुकानात." पुढच्या खेपेला बहिणीचीही अंडी आणीन म्हणाली. सासूबाईंनी तिला चहा दिला. घरात कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसणं झालं.

मधल्या शनिवारी फोन लागलाच नव्हता; या शनिवारी आला. धाकटीने स्पीकर लावला.

"सुईने?" तो ओरडला. आज वारा नव्हता, आवाज अगदी शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. "तुझ्या नेलपॉलिशने? आणि तू सुईने काढलंस? एकटीने?"

"आई होत्या ना."

"मी बोर्ड झालो होतो," सासूबाई फोनवर वाकून म्हणाल्या. तो खूप हसला.

"अगं, मी इथे सगळ्यांना सांगणार आहे. इंजिनियरला सांगणार. त्यालाही सुचलं नसतं." मग त्याने घसा साफ केला. "बरं, एक बोलायचं होतं. पुढच्या कराराचं. मी अडून बसलो होतो, की मागे पेटी बंद पडली तर तुझे हाल होतील. तोच घोर होता मला. आता तो मिटला. आता तुला सगळंच येतंय." तो थांबला. "तर सही करून टाकतो. काय?"

सासूबाईंनी पदर सारखा केला आणि त्या उठून परसात गेल्या.

"हॅलो? ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"मग? बोल की."

धाकटीच्या तोंडात एकच शब्द होता. नको. तो ती एवढे महिने रोज रात्री उशाला घेऊन झोपली होती. पण नुकतंच तो किती खुशीत हसला होता, ते हसू अजून खोलीत होतं.

"बरं," ती म्हणाली.

"शहाणी माझी ती. भिंगरीला दे."

भिंगरीने बाबांना पिल्लांचा आवाज काढून दाखवला. मग त्यांची वेळ संपली.

धाकटी पेटीच्या जाळ्या घेऊन हौदाशी बसली. कवचाचे तुकडे जाळीला घट्ट चिकटले होते. ते भिजवून, नखाने उचकटून काढावे लागत होते. परसात सासूबाई वाळलेले कपडे काढत होत्या, काढलेलाच कपडा पुन्हा झटकत होत्या. भिंगरी शेजारी उकिडवी बसून मगाने पाणी ओतत होती. थोडं जाळीवर, थोडं आईच्या पायांवर. ओतता ओतता तिने तो मग खाली ठेवला.

"आई, पेटी तुला येते. बोर्ड तुला येतो. फोनवर बाबा म्हणाले, तुला सगळंच येतं."

"हं."

"मग बाबा घरी आले, की त्यांनी काय करायचं?"